तक्रारींचा अभ्यास: रुग्णालयं आणि सरकारी कार्यालयांतल्या तक्रारींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना तक्रारअर्ज वाचायला शिकवणं हे माझं काम. या विषयावर कुठे बोलायला गेले की नंतर चहाच्या वेळी तेच प्रश्न येतात. रुग्णांचे नातेवाईक विचारतात, वॉर्डातल्या सिस्टर विचारतात, तहसीलमधले लिपिक विचारतात, प्रबंधाला विषय शोधणारी मुलं विचारतात. त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान.

अर्ज आला, चौकशी झाली, विषय संपला. यात संशोधन करण्यासारखं काय आहे?

एक अर्ज म्हणजे एका माणसाची कैफियत. पण पाचशे अर्ज शेजारी शेजारी ठेवून वाचले की त्यांतून असं काही वर येतं जे एकेका अर्जात दिसत नाही. एकच वॉर्ड पुन्हा पुन्हा येतो, नाहीतर रात्रपाळी येते, नाहीतर घरी सोडण्याचा दिवस. कायद्याचे अभ्यासक विचारतात की दाद मागायला कोण येतं आणि कोण येतच नाही. मानसशास्त्राचे लोक उत्तराची भाषा तपासतात. सार्वजनिक आरोग्यातले लोक अर्जांत धोक्याच्या खुणा शोधतात.

तक्रार ऐकणारं स्वतंत्र पद असावं ही कल्पना जुनी आहे. स्वीडनने असा अधिकारी १८०९ मध्येच नेमायचं ठरवलं. महाराष्ट्राने १९७१ मध्ये लोकायुक्तांचा कायदा केला. मात्र अर्जांच्या मजकुराकडे माहिती म्हणून पाहणं बरंच अलीकडचं, आणि मला त्यातच खरा रस आहे.

तक्रार करणाऱ्याला शेवटी पैसेच हवे असतात ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. चार्ल्स व्हिन्सेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ब्रिटनमधल्या २२७ रुग्णांना आणि नातेवाइकांना त्यांनी विचारलं की तुम्ही डॉक्टरांविरुद्ध कायदेशीर पाऊल का उचललंत. ही सगळी वकिलापर्यंत पोचलेली माणसं होती, म्हणजे पैशाचा विचार असलाच तर यांच्याच मनात असणार. त्यांच्या उत्तरांतून चार धागे निघाले. हे पुन्हा कोणाच्या बाबतीत घडू नये, नेमकं काय घडलं ते कोणीतरी नीट सांगावं, झालेल्या नुकसानीची भरपाई मिळावी आणि जबाबदार असेल त्याने जबाबदारी घ्यावी. भरपाई त्यात आहे, पण ती चौघांतली एक.

आपल्याकडच्या अर्जांत शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य जवळजवळ ठरलेलं असतं: 'आमचं माणूस गेलं ते काही परत येणार नाही, पण दुसऱ्या कोणावर ही वेळ येऊ नये.' अर्ज वाचणारा ते समारोपाचं वाक्य समजून पुढे जातो. माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिल्या दिवशी सांगते की अर्जदाराची मागणी तिथेच लिहिलेली आहे, तिच्याखाली रेघ ओढा.

बहुतेक तक्रारी वागणुकीच्या असतात, उपचारांच्या नसतात, हे खरं का?

नाही. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधले टॉम रीडर आणि अलेक्स गिलेस्पी यांनी जेन रॉबर्ट्स यांच्याबरोबर २०१४ मध्ये ५९ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांत ८८,०६९ तक्रारी होत्या आणि एका तक्रारीत अनेक मुद्दे असल्यामुळे मुद्दे लाखाच्या वर गेले. उपचारांचा दर्जा आणि सुरक्षितता यांबद्दलचे ३३.७ टक्के, व्यवस्थापनाबद्दलचे ३५.१ टक्के आणि कर्मचारी-रुग्ण नात्याबद्दलचे २९.१ टक्के. तिन्ही जवळपास सारखेच.

शिवाय हे कप्पे कागदावर वाटतात तितके वेगळे नसतात. 'सिस्टरना तीनदा सांगितलं की सलाईनचा हात सुजलाय, त्या म्हणाल्या गप्प बसा.' कार्यालयात ही तक्रार 'गैरवर्तन' म्हणून नोंदली जाते. सिस्टरना समज दिली जाते. सुजलेला हात मात्र नोंदीत कुठेच येत नाही. सुई शिरेतून बाहेर आली होती का, वॉर्डात त्या रात्री किती रुग्णांमागे एक सिस्टर होती, हे कोणी विचारत नाही. उद्धट बोलण्याच्या तक्रारीत पुष्कळदा एक न ऐकलेली सूचना असते आणि ती सूचना बरोबर असते.

पण सामान्य माणसाला वैद्यकातलं काय कळतं?

औषधाची मात्रा कळत नसेल. पण पाळी बदलते, डॉक्टर बदलतात, खाट बदलते, आणि पायथ्याशी बसलेली मुलगी मात्र तीच असते. अपघात विभागापासून घरच्या उंबऱ्यापर्यंतचा सगळा प्रवास पाहणारं एकमेव माणूस म्हणजे ती.

गिलेस्पी आणि रीडर यांनी २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या रुग्णालयांच्या १,११० तक्रारींचं विश्लेषण मांडलं. रुग्णालयाच्या स्वतःच्या नोंदींतून जे निसटतं ते तक्रारींत सापडतं, असं त्यांना दिसलं. दाखल होताना आणि घरी सोडताना झालेले घोळ त्यांत होते. एका विभागाकडून दुसऱ्याकडे जाताना पडलेली फट होती. आणि सर्वांत महत्त्वाचं, न केलेल्या गोष्टी होत्या. चुकीचं इंजेक्शन दिलं तर त्याची नोंद होण्याची शक्यता तरी असते. द्यायचं राहिलेलं इंजेक्शन, न बदललेली चादर, न घेतलेलं तापमान यांची नोंद कोण करणार? ज्याने वाट पाहिली तोच.

स्टॅफर्ड रुग्णालयाचं उदाहरण सगळीकडे देतात. तिथे काय झालं होतं?

इंग्लंडमधलं स्टॅफर्ड हे मध्यम आकाराचं शहर. तिथलं रुग्णालय चालवणाऱ्या संस्थेत २००५ ते २००९ या काळात रुग्णांचे भयंकर हाल झाले. म्हाताऱ्या माणसांना तासन्‌तास ओल्या अंथरुणात पडून राहावं लागलं, जेवणाचं ताट हात पोचणार नाही अशा जागी ठेवून नेलं गेलं, प्यायला पाणी मिळालं नाही. पैसे वाचवण्यासाठी कर्मचारी कमी केले होते. याच काळात, फेब्रुवारी २००८ मध्ये, त्या संस्थेला अधिक स्वायत्ततेचा दर्जाही मिळाला, कारण वरच्या कार्यालयांकडे जाणारे आकडे ठीक होते.

तक्रारी नव्हत्या असं मुळीच नाही. नातेवाईक लिहीत होते. प्रत्येक पत्राला उत्तर जात होतं, दिलगिरी आणि सुधारणेचं आश्वासन जात होतं. नंतर तोच प्रकार पुन्हा घडत होता. ज्युली बेली यांच्या आईचा, बेला यांचा, २००७ मध्ये तिथे मृत्यू झाला. ज्युली यांचं शहरात एक छोटं कॅफे होतं. तिथे त्यांनी इतर कुटुंबांना गोळा केलं आणि गेलेल्या माणसांचे फोटो भिंतीवर लावले. त्या भिंतीने जे केलं ते कार्यालयाला करता आलं असतं, असं मला आजही वाटतं. एकेक पत्र वेगवेगळ्या फायलीत होतं तोवर ते अपवाद होतं. सगळे चेहरे एका भिंतीवर आल्यावर त्याला अपवाद म्हणणं अशक्य झालं.

रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या अध्यक्षतेखालच्या सार्वजनिक चौकशीचा अहवाल ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आला. त्यात २९० शिफारशी होत्या. तक्रारींचा तपशील संस्थेच्या संचालक मंडळापर्यंत आणि देखरेख करणाऱ्यांपर्यंत पोचलाच पाहिजे, हा त्यांतला एक मोठा भाग. त्याच वर्षी खासदार अॅन क्लुइड आणि प्राध्यापक ट्रिशिया हार्ट यांनी रुग्णालयांतल्या तक्रार व्यवस्थेचा वेगळा आढावा घेतला. पुढे २०१४ मध्ये इंग्लंडमध्ये कायदाच झाला की रुग्णाला इजा झाली तर संस्थेने स्वतःहून त्याला खरं सांगायचं.

तक्रारी कमी येतात म्हणजे काम चांगलं चाललंय, असं म्हणता येईल का?

असं म्हणणं फार धोक्याचं. अमेरिकेतल्या विल्यम फेल्स्टिनर, रिचर्ड एबल आणि ऑस्टिन सॅरट या तिघांनी चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी एक साधी शिडी मांडली, ती अजून उपयोगी पडते. आधी माणसाला कळावं लागतं की आपलं नुकसान झालंय. मग यात कोणाची तरी चूक आहे असं वाटावं लागतं. मग जाऊन मागावं लागतं. प्रत्येक पायरीवर माणसं गळतात. आपल्याकडे 'नशिबात होतं' म्हणून पहिल्या पायरीवर, 'मोठ्या माणसांना कोण बोलणार' म्हणून दुसऱ्या पायरीवर, आणि 'उद्या पुन्हा इथेच यायचंय' म्हणून तिसऱ्या पायरीवर.

अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये दाखवलं होतं की नाराज माणसापुढे दोन वाटा असतात, निघून जायचं किंवा आवाज उठवायचा. ज्याला परवडतं तो खासगीकडे जातो आणि सरकारी दवाखान्यातली बोलकी माणसं कमी होतात. मागे उरतात ती न बोलणारी. त्या दवाखान्याच्या तक्रारपेटीत काही सापडत नसेल, तर त्याचा अर्थ लावायला पेटीचं कुलूप कधी उघडलं होतं इथपासून सुरुवात करावी लागते.

मग मोजायचं काय?

किती तक्रारी आल्या याऐवजी कशाच्या आल्या, किती गंभीर होत्या आणि त्यांनंतर काय बदललं. गिलेस्पी आणि रीडर यांनी २०१६ मध्ये यासाठी एक साधन बनवलं. पत्र वाचून मुद्द्यांचे सात प्रकार करायचे, प्रत्येकाची गंभीरता ठरवायची, उपचाराच्या कोणत्या टप्प्यावर घडलं आणि इजा किती झाली ते लिहायचं. 'ऐकून न घेणं' आणि 'माहिती न देणं' हे त्यात वेगळे प्रकार आहेत, हे मला फार आवडतं. आपण दोन्हींना 'संवादाचा अभाव' म्हणून एकाच खोक्यात टाकतो. वास्तविक एकात रुग्ण बोलतोय आणि ऐकणारा नाही, दुसऱ्यात रुग्ण ऐकायला बसलाय आणि सांगणारा नाही. दोन्हींवरचे उपाय निराळे.

ठरावीक डॉक्टरांबद्दलच पुन्हा पुन्हा तक्रारी येतात का?

ऑस्ट्रेलियात मेरी बिस्मार्क आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हे तपासलं. साधारण अकरा वर्षांतल्या सुमारे १९ हजार औपचारिक तक्रारी त्यांनी पाहिल्या. देशातल्या ३ टक्के डॉक्टरांवर ४९ टक्के तक्रारी होत्या. उरलेल्या बहुसंख्य डॉक्टरांवर संशय घेऊ नये, इतकं तरी या आकड्यावरून निघतं. आणि तिसरी-चौथी तक्रार आलेल्या डॉक्टरशी कोणीतरी वेळेवर बसून बोलावं, हेही निघतं.

तक्रार झाल्यावर डॉक्टर आणि सिस्टर यांचं काय होतं?

टॉम बॉर्न आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या ७,९२६ डॉक्टरांचं सर्वेक्षण २०१५ मध्ये प्रसिद्ध केलं. नुकतीच किंवा चालू तक्रार असलेल्यांपैकी १६.९ टक्के डॉक्टरांत मध्यम ते तीव्र नैराश्य आढळलं. कधीच तक्रार न झालेल्यांच्या तुलनेत हे प्रमाण सुमारे पावणेदोन पट. अनेकांनी सांगितलं की त्यानंतर ते जपून वागू लागले, नको त्या तपासण्या लिहू लागले, अवघड रुग्ण टाळू लागले. त्याचा भुर्दंड पुढच्या रुग्णाला.

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. डॉक्टरांवर आणि रुग्णालयांवर होणारे हल्ले इतके वाढले की २०१० मध्ये त्याविरुद्ध राज्याला कायदा करावा लागला. मारहाणीला समर्थन असूच शकत नाही. पण मध्यरात्री वॉर्डाबाहेर माणूस दगावलेल्या कुटुंबाला खरं काय झालं ते बसून सांगणारा कोणी असेल, आणि सकाळी अर्ज दिला तर तो वाचला जाईल असा भरवसा असेल, तर त्या कॉरिडॉरमधलं वातावरण वेगळं असतं. तक्रार व्यवस्था रुग्णासाठी असते तशीच ती रात्रपाळीच्या एकट्या निवासी डॉक्टरसाठीही असते.

चूक कबूल केली तर आपण कोर्टात अडकू, असं आमचे वकील सांगतात.

मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयांनी २००१ पासून उलट वाट धरली. चूक झाली असेल तर कुटुंबाला सांगायची, माफी मागायची आणि भरपाई स्वतःहून द्यायची. चूक नसेल तर तेही नीट समजावायचं आणि कोर्टात ठाम उभं राहायचं. अॅलन कचालिया आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये आधीची आणि नंतरची तुलना केली. दर एक लाख रुग्णभेटींमागे दरमहा नव्या दाव्यांचं प्रमाण ७.०३ वरून ४.५२ वर आलं, कोर्टात गेलेले खटले २.१३ वरून ०.७५ वर. त्या काळात त्या राज्यात खटले तसेही कमी होत होते, त्यामुळे सगळं श्रेय या एका धोरणाला देता येत नाही. पण खरं सांगितल्याने दाव्यांचा पूर येतो ही भीती तरी तिथे खरी ठरली नाही.

महाराष्ट्रात असं काही झालंय का?

झालंय, आणि ते आपल्याच लोकांना फार माहीत नाही. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याची 'साथी' ही संस्था राज्यपातळीवर तिचं समन्वयाचं काम करत होती. गावकरी आपल्या उपकेंद्राला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला स्वतः गुण देत. चांगलं असेल तर हिरवा रंग, बरं असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही तो तक्ता वाचता येई.

मग जनसुनवाई. मंडपात एका बाजूला वैद्यकीय अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, समोर सतरंजीवर गाव. औषध केंद्रात नव्हतं म्हणून बाहेरून आणायला दिलेली चिठ्ठी लोक तिथे मांडत. अर्जात आणि यात एक मूलभूत फरक आहे. अर्ज एकट्याचा असतो. जनसुनवाईत एक बाई उभी राहून बोलली की मागून आणखी तिघी 'आमच्याकडंबी असंच' म्हणतात, आणि अधिकाऱ्याला उत्तर त्याच जागी, सगळ्यांदेखत द्यावं लागतं. कित्येकदा डॉक्टरच उठून सांगत की जागा रिक्त आहेत, पुरवठा वरूनच येत नाही, आणि मग गाव आणि डॉक्टर मिळून वर मागणी करत.

सरकारी कार्यालयांतल्या इतर तक्रारींवर भारतात अभ्यास आहे का?

बिहारने २०१५ मध्ये लोकांच्या तक्रारींची मुदतीत सुनावणी बंधनकारक करणारा कायदा केला. एम. आर. शरण आणि चिन्मय कुमार यांनी तिथे दलित वॉर्ड सदस्यांना नळपाणी योजनेच्या रखडलेल्या कामांबद्दल तक्रार दाखल करायला मदत दिली, आणि मदत न मिळालेल्या वॉर्डांशी तुलना केली. मदत मिळालेल्या वॉर्डांतली कामं पुढे सरकली. कायदा दोघांनाही सारखाच होता. फरक पडला तो अर्ज लिहायला शेजारी बसलेल्या माणसाने.

तेलंगणात २०१८ मध्ये शेतकऱ्यांना मदतीचे धनादेश वाटताना काही मंडलांतल्या अधिकाऱ्यांना फक्त एवढं सांगितलं गेलं की शेतकऱ्यांना फोन करून विचारलं जाईल. तिथे धनादेश जास्त शेतकऱ्यांपर्यंत आणि जास्त वेळेवर पोचले. आपल्याकडे महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यांच्या निकालांचा असा बारकाईने अभ्यास व्हायला हवा. प्रबंधाचा विषय शोधणाऱ्यांनी इथे थांबावं.

'आपल्या तक्रारीत तथ्य आढळून आले नाही' असं उत्तर का येतं?

वडिलांना एका रुग्णालयातून घरी आणलं तेव्हाची गोष्ट. औषधं डब्यात भरताना मला दिसलं की डिस्चार्ज कार्डावर रक्तदाबाची एकच गोळी दोन कंपन्यांच्या नावांनी दोनदा लिहिली आहे. तोवर चार दिवस ते दोन्ही घेत होते आणि एकदा न्हाणीघरात तोल जाऊन पडले होते. मी दोन पानी अर्ज केला, कार्डाची प्रत जोडली. सव्वादोन महिन्यांनी उत्तर आलं: 'संबंधितांना समज देण्यात आली असून प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे.' मला कोणाला समज द्यायला नको होती. घरी सोडताना औषधांची यादी आता दुसरं कोणी तपासून पाहतं का, एवढंच हवं होतं, आणि अर्जात तसं लिहिलंही होतं.

ग्रॅहम मार्टिन, मेरी डिक्सन-वुड्स आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये इंग्लंडबद्दल जे लिहिलं ते वाचताना मला ते उत्तर आठवलं. व्यवस्थेला कार्यपद्धती पार पाडायची असते, म्हणून माणसाने सांगितलेली गोष्ट कार्यपद्धतीत बसेल एवढी छाटली जाते. मग उत्तर उरलेल्या तुकड्याला मिळतं. त्यात कोणी वाईट हेतूने वागलेलं असतंच असं नाही. लिपिकासमोरचा प्रश्न 'दोषी कोण' हा असतो, आणि दोषी सापडला नाही की 'तथ्य नाही' लिहिण्यावाचून त्याच्याकडे रकाना नसतो.

मला स्वतःलाच तक्रार करायची आहे. या अभ्यासातून मला काय उपयोग?

घडलेलं क्रमाने लिहा: तारीख, वेळ, पाळी, वॉर्ड. 'निष्काळजीपणा' हा शब्द कमी वापरा आणि 'रात्री दहा ते पहाटे चार कोणी आलं नाही' असं जास्त लिहा. शेवटी तुम्हाला काय हवं ते वेगळं मांडा. स्पष्टीकरण हवं, बदल हवा की भरपाई हवी. बदल हवा असेल तर कोणता, तेही सांगा. दोनच प्रश्न विचारा, पण ज्यांना 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल' हे उत्तर चालणार नाही असे विचारा. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

उपचाराची कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत द्यावीत असा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे, ती आधी घ्या. महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित शुश्रूषागृह नियमांनुसार खासगी रुग्णालयात रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावलेलं असायला हवं. डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाबद्दल महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे जाता येतं. भरपाईसाठी ग्राहक आयोग, मुदत दोन वर्षं. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे सगळ्यांनाच पूर्ण मोफत सेवा देणारी रुग्णालयं मात्र ग्राहक कायद्याखाली येत नाहीत.

मी विद्यार्थी आहे. एका रुग्णालयाने जुने तक्रारअर्ज वाचायला द्यायचं कबूल केलंय. काय काळजी घेऊ?

संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आधी. नाव, केसपेपर नंबर, फोन काढून टाका, पण तेवढ्यावर थांबू नका. एखाद्या गावात त्या महिन्यात एकच बाळंतीण दगावली असेल, तर नाव खोडून काहीच झाकलं जात नाही. गाव किंवा महिना, एक तरी गाळावाच लागतो. अर्जात ज्या सिस्टरचं नाव आहे तिलाही हाच नियम लावा, तिची बाजू तुमच्यासमोर नाही. पहिलं वाचन काहीही खुणा न करता, सलग करा, आणि एका दिवसात दहा-बारापेक्षा जास्त अर्ज वाचू नका. त्यानंतर वाचणारा चाळायला लागतो. रुग्णालयाकडून परवानगी घेतानाच एक अट घाला, की निष्कर्षांचं एक पान मराठीत छापून त्या वॉर्डाच्या सूचनाफलकावर लावलं जाईल, जिथे नातेवाईक बसतात.